सकर सोळा इंचांचा झालाय, कुठे सोडू?

काचपेटी, म्हापसा (९ मे)

नमस्कार मंडळी. प्रश्न साधाच आहे, पण घरात त्यावरून तीन तट पडलेत, म्हणून इथे टाकतो.

सहा वर्षांपूर्वी मुलीच्या हट्टापायी तीन फुटी टाकी घेतली. गप्पी, मॉली आणि दोन एंजल. महिनाभरात काचेवर हिरवं शेवाळं धरलं. दुकानदाराने बोटाएवढा काळपट मासा पिशवीत घालून दिला आणि म्हणाला, "सकर आहे. काच चाटून साफ ठेवतो, वेगळं खायला घालायला नको. आणि घाबरू नका, टाकी जेवढी तेवढाच वाढतो." चाळीस रुपये घेतले.

काल त्याला पट्टी लावली. शेपटीच्या टोकापर्यंत सोळा इंच. टाकीत वळायचं म्हणजे त्याला ट्रकसारखं पुढेमागे करावं लागतं आणि वळता वळता फिल्टरची नळी उपटून टाकतो. शेवाळं खाणं केव्हाच सोडलंय, इतरांना टाकलेलं खाणं मात्र सगळ्यांआधी याच्या पोटात. घाणीबद्दल तर काय सांगू! शेवयांसारखी लांबच लांब सुतं, दर तिसऱ्या दिवशी पाणी बदलतोय.

बायको म्हणते, मयेच्या तळ्यात सोडून या, बिचाऱ्याला मोकळं पाणी मिळेल. आई म्हणते देवळाच्या तळीत सोड, पुण्य लागेल. मुलगी सहावीत आहे, ती म्हणते कुठेच सोडायचा नाही, कारण तो तिला डोळा मारतो. (हे खरं आहे. मीही पाहिलंय.)

पाऊस यायच्या आत काय ते ठरवायचंय. कुणी असा मासा सोडलाय का? कुठे?

गरीवाला

मयेला सोडू नका. देवळाच्या तळीत नको. कुठेच नको. ड्यूटीवर आहे, रात्री सविस्तर लिहितो.

तिखटजाळ

सोळा इंच म्हणजे चांगलं वजन भरेल. 'कुठे सोडू' हा प्रश्नच चुकलाय, 'कशात सोडू' असं विचारा. सोलं घालणार की तेफळं?

काचपेटी

अहो, मुलगी वाचते इथे.

तिखटजाळ

मग कोकणीत लिहितो.

शेवाळे

दुकानदाराकडेच परत द्या ना. त्याने 'वाढत नाही' म्हणून विकलाय.

काचपेटी

गेलो होतो. त्याने एकदा बादलीत पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "एवढा मोठा कोण घेणार? तळ्यात सोडा." शेजारच्याच टाकीत बोटाएवढे वीसेक नवे सकर काचेला चिकटलेले होते.

नुस्तेमास्तर, मडगाव

३१ वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं, तेव्हा थोडं लांबण लागेल. माफ करा.

आधी डोळ्याचं. तुमची मुलगी बरोबर सांगते. या माशाला पापणी नसते. डोळ्याचा गोळाच खोबणीत खाली फिरवतो, त्यामुळे डोळा मारल्यासारखं दिसतं. टॉर्च मारून बघा (फार वेळ नको), बुबुळाच्या वरच्या कडेने एक पडदी खाली उतरते आणि बाहुली घोड्याच्या नालेसारखी दिसायला लागते. उजेड कमी करायची त्याची ही सोय.

आता ओळख. आपल्याकडे सगळ्यांनाच 'सकर' म्हणतात, परदेशी पुस्तकांत 'प्लेको'. तो शब्द ज्या माशावरून आला तो हायपोस्टोमस प्लेकोस्टोमस, लिनियसने १७५८ मध्ये नाव दिलेला. पण दुकानांत बहुतेक वेळा विकला जातो तो वेगळा, टेरिगोप्लिक्थिस. दोघंही दक्षिण अमेरिकेचेच. फरक ओळखायचा तर पाठीवरचा पर उभा असताना त्यातल्या काड्या मोजा. सात-आठ असतील तर पहिला, दहाच्या वर असतील तर दुसरा.

काचपेटी

मुलीने मोजल्या. आधी तेरा, मग बारा. पर शिडासारखा उंच आहे. अंगावर बिबट्यासारखे ठिपके.

नुस्तेमास्तर, मडगाव

मग टेरिगोप्लिक्थिस नक्की. शरीरभर ठिपके-जाळी आणि पोटावरही ठिपके असतील तर बहुधा पार्डालिस, म्हणजे बिबट्यासारखा. कास्तेलनो या फ्रेंच माणसाने १८५५ मध्ये ॲमेझॉन खोऱ्यातल्या माशांत याचं वर्णन केलं. 'बहुधा' अशासाठी म्हणतो की याचे भाऊबंद एकमेकांत मिसळतात आणि बाजारातली पैदास शुद्ध कुणाची ते ठिपक्यांवरून सांगता येत नाही.

आणि 'टाकीएवढाच वाढतो' ही शुद्ध थाप. दीड फुटापर्यंत सहज जातो आणि नीट ठेवला तर दहा-पंधरा वर्षं जगतो. लहान टाकीत खुंटतो तो आजारपणाने, समजूतदारपणाने नव्हे.

भटक्या_७७

हाच का तो बंदी असलेला थाई मांगूर? पेपरात वाचलं होतं, ट्रकच्या ट्रक पकडून पुरतात.

नुस्तेमास्तर, मडगाव

नाही. तो मूळचा आफ्रिकेचा, नाव थायलंडचं पडलं. त्याच्या पैदाशीवर भारतात बंदी आहे. तो आपल्या थिगुराचा जवळचा नातलग, गुळगुळीत कातडीचा, मांसाहारी. सकरच्या अंगावर हाडाच्या पट्ट्यांचं चिलखत असतं आणि तोंड खाली, बशीसारखं. मिशा दोघांना, एवढंच साम्य.

उगाचच

एका माशासाठी केवढा ऊहापोह! नद्यांत सांडपाणी सोडतात, डोंगर कापून गाळ लोटतात, शेतातलं औषध ओढ्यात जातं, तेव्हा कुणी धागा काढत नाही. आणि एका मध्यमवर्गीयाने एक मासा तळ्यात सोडला तर गोव्याचं पर्यावरण बुडणार? एकटा मासा पिल्लं तरी कशी घालणार, हे मास्तरांनी सांगावं.

गरीवाला

आलो. उगाचच, तुमच्या प्रश्नाचा अर्धा भाग बरोबर आहे. एकटा काही करणार नाही. पण तुमच्याआधी एकाने सोडलेला असतो, तुमच्यानंतर एक सोडणार असतो, आणि प्रत्येकजण 'माझा एकच' म्हणतो. दुकानात वीस होते ना? ते वीस सहा वर्षांनी सोळा इंचांचे होणार आहेत.

मी कुडतरीचा. लहानपणापासून तळ्यावर, नदीवर, मानशीवर (बांधातल्या पाण्याच्या दारावर) गरी टाकत आलो. आपल्याकडे गोड्या पाण्यात खायचं म्हणजे थिगूर, देखळे, कळुंदर. पहिला पाऊस पडला की शेतातून उलटे चढणारे मासे. सकर यांना खात नाही हे मान्य. पण तो तळाचं सगळं खरवडतो, त्यात दुसऱ्यांची अंडीही जातात. त्याला मात्र खाणारं इथे कोण? पर ताठ करून अडकवून ठेवतो, काटे लोखंडासारखे. जाळ्यात एक शिरला तर जाळंच कापावं लागतं. केरळातल्या माझ्या मित्राने फोटो पाठवला होता, जाळ्याची पार चिंधी झालेली.

आणि सर्वात वाईट म्हणजे बिळं. काठाच्या मातीत मीटरभर खोल बीळ करतो, मादी आत अंडी घालते आणि नर दाराशी राखण करतो. एका काठावर शेजारी शेजारी डझनभर बिळं. आमच्या खाजनाचे, म्हणजे खाडीकाठच्या शेतांचे, बांध चिखल आणि पेंढ्याचे. खेकड्यांनी पाडलेली भोकं बुजवता बुजवता शेतकरी दमलेत, त्यात हा पाहुणा नको.

नुस्तेमास्तर, मडगाव

गरीवाला, बाकी सगळं कबूल, खाजनाबद्दल जरा हात आखडता घ्या. सकर मचूळ पाणी काही प्रमाणात सोसतो, पण भरतीचं खारं पाणी त्याला मानवत नाही. धोका गोड्या पाण्याच्या तळ्यांना, कालव्यांना, धरणांना आणि नदीच्या वरच्या अंगाला.

गरीवाला

मास्तरबाब, जुलै-ऑगस्टमध्ये आमच्या मानशीबाहेर पाणी किती खारं असतं ते येऊन चाखा. पाणी गोडंच असतं. चार महिने त्याला गावभर फिरायला मोकळीक.

नुस्तेमास्तर, मडगाव

हा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. मागे घेतो.

शेवाळे

मास्तरांनी मुद्दा मागे घेतला! तारीख लिहून ठेवा रे.

सुलूताई, फोंडा

उगाचच यांनी विचारलं म्हणून आमच्या बांयचा किस्सा सांगते. एकाने काय होतं ते कळेल.

आमची विहीर चिऱ्यांची, जुनी. पाच-सहा वर्षांमागे धाकट्या दिराने कुठेसं ऐकलं की सकर शेवाळं खातो. हे शहाणे बाजारातून दोन आणून विहिरीत सोडून मोकळे. सासूबाई खूश, आता चिरे घासायला माणूस नको. दोन वर्षं कुणाला ते दिसले नाहीत, आम्ही विसरूनही गेलो. मग कळशीत गढूळपणा यायला लागला. आधी वाटलं वरून माती पडते.

मे महिन्यात पंप लावून विहीर उपसली. तळाशी वीतभर चिखल, त्यात माणूस उतरला आणि ओरडला, "वयनी, हांगा मगरीचें पिल्लूं आसा!" चिऱ्याला चिकटून एक बसलेला. ओढला तर सुटेना, दोघांनी ओढला. सुटला तेव्हा असा टर्र टर्र आवाज काढला की वरची माणसं दोन पावलं मागे. दुसरा शेवटपर्यंत सापडला नाही.

वर आणून धुण्याच्या फातराशी ओल्या गोणपाटावर टाकला. तेवढ्यात जेवणं आली, मग पंप बिघडला, सगळे त्या गडबडीत. संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, तो मेलेला मासा माडाच्या मुळात पुरून टाका, वास येईल. मी फावडं घेऊन गेले तर त्याने माझ्याकडे पाहिलं. सहा तासांनी! आता वाचल्यावर कळतंय, डोळाच मारला असणार.

काचपेटी

ताई, मग पुरलात?

सुलूताई, फोंडा

तुमची मुलगी वाचते म्हणालात ना? मग पिंपात ठेवला आणि तो सुखाने नांदला.

शेवाळे

:)) पिंप कुठल्या माडाखाली होतं?

नुस्तेमास्तर, मडगाव

सहा तास म्हणजे काहीच नाही. पाण्यातला प्राणवायू संपला की हा वर येऊन हवा गिळतो आणि ती जठरात शोषून घेतो. जठराच्या भिंतीत रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. आपला थिगूरही हवेवर जगतो, पण त्याच्याकडे कल्ल्यांच्या वर झाडाच्या फांद्यांसारखा वेगळा अवयव आहे. सकरने पोटालाच फुफ्फुस केलं. अंग ओलं राहिलं तर वीस तासही काढतो. टर्र टर्र आवाज छातीच्या परांचे काटे खोबणीत घासून येतो.

डासांसाठी विहिरीत मासे सोडायचेच असतील तर आरोग्य खात्याकडून गप्पी मिळतात. सकर डासांच्या अळ्यांसाठी नव्हे.

ओरलँडोकर

मूळ पणजीचा, सध्या फ्लोरिडा. इथे हा मासा सगळ्या कालव्यांत झालाय. हिवाळ्यात ब्लू स्प्रिंग नावाच्या झऱ्यावर समुद्रगायी येतात, मॅनटी. झऱ्याचं पाणी बाराही महिने २२ अंश, त्या ऊब घ्यायला गोळा होतात. गेल्या जानेवारीत पोरांना घेऊन गेलो होतो. एकेका गायीच्या पाठीवर दहा-दहा सकर चिकटलेले, पाठीवरचं शेवाळं खरवडताहेत. गाय अंग झटकते, कुशीवर वळते, दोन मिनिटांत पुन्हा तेच. थंडीत शक्ती राखायला आलेलं जनावर, त्याला स्वस्थ पडूही देत नाहीत. काठावरच्या बायका 'किती गोड, अंघोळ घालताहेत' म्हणत होत्या.

कोरड्या दिवसांत काठ उघडा पडला की बिळं मोजावीत. माती चाळणीसारखी.

तारवटी

वाचनमात्र होतो, पण सकरवरून राहवेना. मी बावीस वर्षं बोटीच्या किचनात काढली. ॲमेझॉनमध्ये बोट मनौसपर्यंत जाते, समुद्रापासून दीडेक हजार किलोमीटर आत. तिथे नदीकाठी लोखंडी खांबांचा जुना बाजार आहे, आदोल्फो लिस्बोआ. पहिल्यांदा गेलो तेव्हा आपल्या मडगावच्या नुस्त्याच्या बाजारातच आल्यासारखं वाटलं. ओरडणाऱ्या बायका तशाच, चिखल तसाच, आणि भावावरून भांडायला माझी मोडकीतोडकी पोर्तुगीज.

तिथे हा मासा 'बोदो'. जिवंत विकतात, कारण मेला की लगेच खराब होतो. ढिगात हलत असतात आणि टरटरत असतात. करायचा कसा? अख्खा निखाऱ्यावर टाकायचा. चिलखत हेच भांडं. भाजला की वरचं कवच उचकटायचं, आत पिवळसर घट्ट मांस. मीठ, लिंबू, मिरची. मातीचा वास थोडा असतो, पण खोटं कशाला बोलू, मी तीनदा मागून घेतला.

खाली सांतारेंच्या बाजूला याला 'अकारी' म्हणतात. सुकवून, भाजून, कुस्करून त्याचं पीठ करतात, 'पिराकुई'. डब्यात भरून ठेवतात, महिनोन् महिने टिकतं. पावसात मासे मिळेनासे झाले की ते काढायचं, कांदा मिरची घालायची. मी खाल्लं आणि डोळ्यांत पाणी आलं. आईची किसमूर! सुक्या सुंगटांऐवजी (कोळंबीऐवजी) सकर एवढाच फरक.

तिखटजाळ

तारवटी देवमाणूस आहे. मी पहिल्या दिवसापासून हेच सांगतोय.

भटक्या_७७

त्रिनिदादमध्येही म्हणे आपल्या वंशाचे लोक याची करी करतात आणि जो खातो तो मरायला तिथेच परत येतो?

तारवटी

पोर्ट ऑफ स्पेनला खाल्लीय. 'कास्कादुरा' किंवा 'कास्कादू'. आणि अजून गोव्यातच आहे, तेव्हा दंतकथेला अपवाद समजा.

नुस्तेमास्तर, मडगाव

तो सकर नव्हे, चुलतभाऊ. होप्लोस्टेर्नम. त्यालाही चिलखत असतं, पण दोन ओळींच्या पट्ट्या, आणि तोंड बशीसारखं नसतं. दंतकथा मात्र बरोबर सांगितलीत.

तिखटजाळ, खायचाच असेल तर स्वच्छ नदीतला. टाकीतला अजिबात नाही. मालकाने सहा वर्षांत पाण्यात काय काय औषधं ओतलीत कोण जाणे. बुरशीवरचं ते हिरवं औषध, मॅलाकाइट ग्रीन, खाण्याच्या माशांत वापरायला बंदी आहे. नाल्यातला सकरही नको, तळाच्या गाळातले जड धातू त्याच्या अंगात साठतात.

काचपेटी

हिरवं औषध दोनदा घातलंय. तिखटजाळ, क्षमस्व.

तिखटजाळ

श्रद्धांजली.

उगाचच

बरं, मान्य, सोडू नका. खाऊही नका. मग काय मारू? दहा दिवस झाले, धागाकर्त्याला कुणी अजून उत्तर दिलेलं नाही.

दातवाली

मी देते, आवडणार नाही. दुसरीकडे सोय झालीच नाही तर लवंगेचं तेल. दातदुखीवर आपण लावतो तेच, त्यातलं युजेनॉल. थोडं कोमट पाण्यात हलवून बादलीत घातलं की मासा आधी गुंगतो, मग जास्त घालायचं. तडफड होत नाही. माझ्या स्वतःच्या गोल्डफिशला पोटात पाणी झालं होतं तेव्हा हेच केलं. अर्धा तास बादलीपाशी बसून होते. पण नाल्यात फेकण्यापेक्षा आणि डब्यात कोंडून मरू देण्यापेक्षा बरं.

काचपेटी

धन्यवाद. हे घरात कुणाला वाचून दाखवलं नाही.

आईला मात्र मेक्सिकोची गोष्ट सांगितली. भाच्याने शोधून दिली. इन्फिएर्नियो म्हणून मोठं धरण आहे, तिथे तिलापियाच्या मासेमारीवर गावंच्या गावं जगत होती. सकर शिरले आणि काही वर्षांत जाळी सकरनेच भरून यायला लागली. तिथले लोक त्याला 'सैतान मासा' म्हणतात. आई थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "म्हणजे देवळाच्या तळीत नको."

नुस्तेमास्तर, मडगाव

आईंना सांगा, इतकं लांब जायला नको. पूर्व कोलकात्याच्या पाणथळ जागांत, जिथे सांडपाण्यावर मासे वाढवतात, तिथे हाच त्रास आहे. २०२० मध्ये वाराणसीला गंगेत सापडला. हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेने नुसत्या पाण्यातल्या डीएनएवरून याचा माग काढायची चाचणी तयार केली, आणि पूर्व घाटातल्या ६० टक्के पाणवठ्यांत तो पोहोचल्याचं त्यांना दिसलं. नदीत मासा दिसायच्या आधी पाणी चुगली करतं.

पोर्तो रिकोत याला गिळायला गेलेले पेलिकन पक्षी घशात काटे अडकून मेले. आपल्याकडे चोडणच्या खारफुटीत हूद आहेत. त्या पाणमांजरांवर ही वेळ यायला नको.

कुळागरकार, साखळी

धागा आजच पाहिला. माझ्याकडे आणा. कुळागरात (माडा-पोफळींच्या बागेत) सिमेंटची टाकी आहे, आठ बाय चार, अडीच फूट पाणी. पूर्वी गुरांसाठी होती, आता गुरं नाहीत.

गरीवाला

थांबा. टाकी उघड्यावर आहे? पावसात भरून वाहते? आणि वाहून पाणी जातं कुठे? कुळागरातल्या पाटात ना? पाट ओढ्याला, ओढा वाळवंटीला. म्हणजे आपण मये टाळून वाळवंटी गाठली.

कुळागरकार, साखळी

पटलं. खरंच हा विचार केला नव्हता. पाट तर टाकीला लागूनच आहे. दोन दिवस द्या.

उगाचच

साखळीच्या कुळागरकाराला दोन दिवस म्हणजे चतुर्थी.

कुळागरकार, साखळी (२९ मे)

उगाचच, नऊ दिवस लागले, चतुर्थी नाही. टाकीवर गोठ्याचे जुने पत्रे घातले. बाहेर जायच्या नळीला आतून जाळी, बाहेरून जाळी, आणि ती पाटाकडून काढून माडांच्या अळ्यांत वळवली. चार माडांना सकरचं खतपाणी. वरून लाकडी फळ्यांचं झाकण, कारण गरीवाल्याने फोनवर सांगितलं की हे उड्याही मारतात. शिवाय आंब्याच्या खोडाचा तुकडा पाण्यात टाकलाय, त्याला खरवडायला लाकूड लागतं म्हणे.

आता काचपेटींनी आणायचा.

काचपेटी (२ जून)

पोचवला. वृत्तांत लिहितो, कारण मुलीची अट आहे.

झाकणाची वीस लिटरची बादली, झाकणाला भोकं, निम्मं पाणी. त्याला टाकीतून काढायलाच पाऊण तास गेला. जाळीत घेतला तर काटे अडकणार म्हणून ओल्या टॉवेलात धरला. टॉवेल फाटला, मी फाटलो नाही. अंगाचा स्पर्श सुक्या फणसाच्या सालीसारखा, आणि पोट मात्र मऊ. हे सहा वर्षांत पहिल्यांदा कळलं.

स्कूटरवर पायाशी बादली, मागे मुलगी. अस्नोड्याच्या पुढे पोलिसाने हात केला. हेल्मेट दोघांचं होतं, कागद होते. तेवढ्यात बादलीतून टर्र... टर्र... पोलीस म्हणाला, "हें किदें?" मी म्हटलं मासा. "मासो अशें उलयता?" झाकण उघडून दाखवलं. त्याने वाकून पाहिलं आणि सकरने, शप्पथ सांगतो, डोळा मारला. पोलीस हसायला लागला. तालांव (दंड) नाही, पण डिचोलीला जाणाऱ्या सगळ्या गाड्या थांबवून त्याने दोघा सहकाऱ्यांना बोलावून दाखवला.

साखळीला टाकीत सोडला तर सरळ तळाशी जाऊन आंब्याच्या खोडाखाली शिरला. मुलीने दहा मिनिटं वाट पाहिली. बाहेर आला नाही. परत येताना डिचोलीपर्यंत ती बोलली नाही.

सुलूताई, फोंडा

मुलीला माझ्याकडून शाबासकी.

दातवाली

बरं झालं. बाटली परत कपाटात.

काचपेटी

आमच्या टाकीत आता दोन गोगलगायी आहेत आणि काच मी स्पंजने घासतो. पाच मिनिटं लागतात. सहा वर्षं हेच केलं असतं तर?

दुकानदाराला परवा सांगून आलो की निदान गिऱ्हाइकाला खरी लांबी सांगा. तो म्हणाला, खरी लांबी सांगितली तर घेणार कोण.

कुळागरकार, साखळी (१४ जून)

पहिले चार दिवस काही खाल्लं नाही, मी घाबरलो. मुलीला फोन लावला. ती म्हणाली काकडी सोलून, मधोमध चिरून, काटाचमच्याला टोचून तळाशी ठेवायची आणि दिवा बंद करून निघून जायचं, बघत बसायचं नाही. माझ्याकडे काकडी नव्हती, मांडवावरचं कोवळं तवशें कापून ठेवलं. सकाळी चमचा तेवढा शिल्लक.

काल रात्री पाऊस धो धो झाला, टाकी काठोकाठ भरली. टॉर्च घेऊन गेलो. जाळ्या जागेवर, पाणी माडांकडेच चाललंय. हा महाशय काठाशी येऊन हवा गिळत होता.

गरीवाला

नळीची जाळी दर आठवड्याला बघा. पालापाचोळा अडकला की पाणी दुसरीकडून वाट काढेल.

कुळागरकार, साखळी

बघतो. रविवारी मुलगी येणार आहे, तिलाच हे काम देतोय.

तिखटजाळ

दोन महिने तवशें खाल्लं की औषधाचा अंश उतरला असेल ना, मास्तर? मीही रविवारी येतो म्हणतो. निखारे माझे.

कुळागरकार, साखळी

फाटकाला कुलूप आहे.